आठ वर्षांचा राजा : वत्सगुल्मच्या वाकाटक घराण्यातले वारस

मागल्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला गाठून विचारलं होतं, "सर, चीनमधल्या राजघराण्यांत कोण कधी जन्मला, कितव्या वर्षी गादीवर बसला, कुणी मारला, मरताना काय म्हणाला, सगळं लिहिलेलं सापडतं. आपल्या वाशीमलाही मोठं राजघराणं होतं म्हणता. मग त्यातल्या एखाद्या माणसाचं आयुष्य असं सांगता येईल का?" आम्ही तेव्हा "बघू" म्हणून सुटका करून घेतली. पण प्रश्न चांगला होता, डोक्यातून गेला नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्याचं उत्तर आहे. ते थोडं आडवळणानं येईल, तेवढं चालवून घ्या.

आधी चीनमधलाच एक मुलगा घेऊ. वाशीममध्ये वाकाटकांचं राज्य होतं त्याच काळातला.

इसवी सन ४७९. चीनचे तेव्हा दोन तुकडे झालेले, उत्तरेत एक राज्य, दक्षिणेत दुसरं. दक्षिणेतल्या राजवटीला लिऊ सोंग म्हणतात. तिची राजधानी आजच्या नानजिंगच्या जागी होती. घराण्याचा मूळपुरुष लिऊ यू हा गरिबीतून वर आलेला सेनापती. त्यानं ४२० मध्ये सिमा घराण्याच्या शेवटच्या सम्राटाला उतरवून गादी घेतली. त्यानंतर साठ वर्षंही गेली नाहीत तोच घराणं आतून पोखरलं. भावानं भावाला मारलं, काकानं पुतण्याला मारलं. ४७७ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सम्राटाचा खून झाला आणि लिऊ झुन नावाच्या दहाएक वर्षांच्या पोराला सिंहासनावर बसवलं गेलं. बसवणारा होता सेनापती स्याओ ताओचंग. दोन वर्षांनी या सेनापतीला ती गादी स्वतःलाच हवीशी झाली. गादी सोडायच्या दिवशी मुलगा बाहेर येईना. तो बुद्धमूर्तीच्या छत्राखाली लपून बसला होता. सापडल्यावर त्यानं विचारलं, मला मारणार का? न्यायला आलेला अधिकारी म्हणाला, नाही, फक्त दुसऱ्या वाड्यात राहायला न्यायचं आहे; तुमच्या घराण्यानंही सिमांच्या घराण्याशी असंच केलं होतं. तेव्हा पोरगं रडलं आणि म्हणालं की पुढच्या कुठल्याही जन्मी राजाच्या घरात जन्म नको. काही आठवड्यांतच त्याला मारून टाकलं.

चीनच्या पुढच्या काळातल्या इतिहासग्रंथांत हा प्रसंग येतो. वाचताना आपल्या पोटात कालवतं. पण आम्हाला सवय पडलेली आहे, आम्ही लगेच विचारतो की हे लिहिलं कुणी? लिऊ सोंग घराण्याचा अधिकृत इतिहास शन युए या विद्वानानं पूर्ण केला तो ४८८ मध्ये, म्हणजे ज्यांनी त्या मुलाला उतरवलं त्यांच्याच राज्यात, त्यांचाच अधिकारी असताना. आधीचा खून झालेला किशोर सम्राट त्यात अगदी राक्षस रंगवला आहे. तो तसा असेलही. पण तो तसा असणं नव्या राजाच्या सोयीचंही होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा. वाशीमला आल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

आता वाशीम. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वात्स्यायनाच्या कामसूत्रात हे नाव आहे. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते याच गावी, विदर्भातल्या वत्सगुल्मात. प्राकृतातल्या एका रचनारीतीला 'वच्छोमी' म्हणायचे, म्हणजे वत्सगुल्मची रीत. आपण वाशीमकर बसस्टँडवरून पद्मतीर्थाकडे जातो तेव्हा यातलं काही मनात नसतं. आमच्याही नसतं, भाजी काय घ्यायची ते असतं.

वाकाटक घराण्याचा मूळपुरुष विंध्यशक्ती, तिसऱ्या शतकातला. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन हा या घराण्यातला सर्वांत मोठा. त्यानं चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी लावली. वाकाटकांत ती पदवी फक्त त्याचीच. पुराणं सांगतात की त्याचे चार मुलगे राजे झाले. त्यांपैकी दोन शाखा आपल्याला नीट ठाऊक आहेत. थोरला मुलगा गौतमीपुत्र बापाच्या आधीच वारला, त्यामुळे थोरल्या शाखेची गादी नातवाकडे, पहिल्या रुद्रसेनाकडे गेली. रामटेकजवळचं नंदिवर्धन, आजचं नगरधन, हे त्या शाखेचं ठिकाण. दुसरा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला आपलं घर मांडलं. वाशीमचं राजघराणं सुरू होतं ते या धाकट्या पातीपासून. मोठ्या बापाचा धाकटा मुलगा वाटणीला आलेला मुलूख घेऊन बाजूला झाला आणि तिथं त्यानं स्वतःचं काही उभं केलं. आपल्याकडे शेताच्या वाटण्या झालेल्या घरांत असा एखादा धाकटा असतोच.

सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवी होता. 'हरिविजय' नावाचं काव्य त्यानं महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. श्रीकृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला, ती कथा. आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडितानं ध्वन्यालोकात या काव्याची दखल घेतली. पण मूळ काव्य आज नाही. इतरांनी उदाहरणादाखल घेतलेले तुकडे तेवढे उरले.

या घराण्याची गंमत अशी की १९३९ पर्यंत वाशीमची ही शाखा वेगळी होती हेच कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी वाशीमलाच एक ताम्रपट मिळाला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्महून दिलेलं दानपत्र होतं ते. नांदेडकडचं, म्हणजे तेव्हाच्या नंदिकटाच्या उत्तर भागातलं एक गाव त्यानं अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलं. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे आणि कामाचा मजकूर, म्हणजे कुणाला काय दिलं, कोणते कर माफ, कोण त्रास देणार नाही, हे प्राकृतात. बापजाद्यांचं नाव घ्यायचं तर संस्कृत आणि व्यवहार लोकांच्या बोलीत. आपल्या लग्नपत्रिकांची रीत फार जुनी आहे म्हणायची.

ताम्रपट मिळाल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख नव्यानं तपासला. तो लेख हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने कोरवला आहे आणि त्यात वाकाटकांची वंशावळ आहे. आधीच्या वाचकांना न लागलेली नावं आता लागली, आणि कळलं की अजिंठ्याच्या भिंतीवरचं हे घराणं नंदिवर्धनचं नसून वत्सगुल्मचं आहे. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा मराठी ग्रंथ १९५७ मध्ये नागपूर विद्यापीठानं काढला. आमच्या विद्यार्थिदशेत तो ग्रंथालयात बहुधा जागेवरच असायचा, कुणी नेत नसे. आज तो मिळाला तर सोडू नका.

त्या शिलालेखाची पिढ्यांची ओळ अशी आहे : विंध्यशक्ती, प्रवरसेन, सर्वसेन, विंध्यसेन (ताम्रपटातला दुसरा विंध्यशक्ती तो हाच), मग दुसरा प्रवरसेन, मग त्याचा मुलगा, मग देवसेन, मग हरिषेण. आम्ही "त्याचा मुलगा" म्हणालो, नाव घेतलं नाही. कारण भिंतीवर ते नाव उरलेलं नाही. दगड झिजला आहे. उरलं आहे ते एवढंच की तो आठ वर्षांचा असताना राज्यावर आला आणि त्यानं चांगलं राज्य केलं. पुढच्या काही संशोधकांनी त्याला दुसरा सर्वसेन मानलं आहे. आज आम्ही त्याला नुसतं 'आठ वर्षांचा राजा' म्हणणार आहोत, कारण कोरणाऱ्यानं त्याच्याबद्दल लक्षात ठेवण्याजोगं म्हणून जे टिपलं ते त्याचं वय आहे.

हाच आमच्या श्रोत्याच्या प्रश्नाचा माणूस. थोर राजकीय घराण्याचा वंशज, सम्राट प्रवरसेनाच्या थेट रक्ताचा, आणि त्याचं सगळं आयुष्य एका वाक्यात.

त्या एका वाक्यातून काय काढता येतं ते बघू. पहिलं, त्याचा बाप लवकर गेला. दुसऱ्या प्रवरसेनाबद्दल लेख चांगलं बोलतो पण थोडक्यात बोलतो. दुसरं, आठ वर्षांचं पोर राज्य करत नाही, कुणीतरी त्याच्या नावानं करतं. ते कुणी केलं? इथं थोरल्या शाखेकडे नजर टाकू. तिकडेही असाच प्रसंग आला होता. दुसरा रुद्रसेन तरुणपणी वारला आणि मागे लहान मुलं राहिली. पण त्याची राणी होती प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिनं राज्य हातात घेतलं आणि तसं ताम्रपटावर लिहिलं. तिच्या पुणे ताम्रपटात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते, तेही कारभाराच्या तेराव्या वर्षी. वंशावळ मात्र तिनं सासरची न देता माहेरची, गुप्तांची दिली. आणि तो दिवाकरसेन? तेरा वर्षांनंतरही युवराजच. राजा म्हणून त्याचा एकही लेख मिळालेला नाही. जन्मभर वारस राहिलेला वारस.

वत्सगुल्मच्या आठ वर्षांच्या पोराला अशी आई होती का, आजोळ कोणतं, काका होता का, यावर लेख गप्प आहे. आम्हाला वाटतं कारभार सचिवांच्या घराण्यानं सांभाळला असावा. हा तर्क आहे, पुरावा नाही. पण तर्काला आधार आहे, तो सांगतो.

वराहदेवानं आणखी एक लेणं कोरवलं, सिल्लोड तालुक्यातल्या जंजाळ्याजवळचं घटोत्कच लेणं. तिथल्या लेखात त्यानं राजाची नाही, स्वतःच्या घराण्याची वंशावळ दिली आहे. दक्षिणेतल्या वल्लूर नावानं ओळखल्या जाणाऱ्या ब्राह्मणांचं हे घराणं. कितीतरी पिढ्या मोजत तो आपला बाप हस्तिभोज याच्यापर्यंत येतो. म्हणजे बघा, एका राज्यात दोन वंशवेल. एक राजांची, एक सचिवांची. राजाच्या पिढ्या तुटत्या, लहान वयाच्या, कारभाऱ्यांच्या सलग. ज्याच्या घरात सलगता आहे, सत्ता हळूहळू त्याच्याकडे सरकते. पेशवाईचा वाचक असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. सवाई माधवराव जन्मला १७७४ मध्ये आणि चाळीस दिवसांचा असताना पेशवा झाला. एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात पडून गेला. त्या सगळ्या वर्षांची कागदपत्रं ढिगानं आहेत आणि त्या ढिगात दिसतो तो मुख्यतः नाना फडणीस. पेशव्याच्या पोशाखाचे, मुंजीचे, लग्नाचे खर्च सापडतात. त्या पोराच्या मनात काय चाललं होतं ते सापडत नाही. तेव्हा कागद जास्त असले म्हणून माणूस जास्त सापडतो असं नाही. आमच्या तरुण मित्राला आमचं हे पहिलं उत्तर.

आता त्या आठ वर्षांच्या राजाच्या मुलाकडे येऊ, देवसेनाकडे. इथं खरा वाद आहे.

अजिंठ्याचा लेख म्हणतो की देवसेनानं राज्याचा भार हस्तिभोजावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. पुढे हस्तिभोजाची स्तुती आहे : तो लोकांना आईबापासारखा, मित्रासारखा होता. बस, एवढ्यावर देवसेन आळशी आणि विलासी ठरला. पाठ्यपुस्तकांत, पर्यटनाच्या पत्रकांत, भाषणांतही. 'मोठ्या घराण्याचं बिघडलेलं पोर' हा साचा आपल्याला आवडतो. तो लगेच पटतो, कारण तसे नमुने आजूबाजूला दिसतात. इथं नावं घेत नाही, तुमच्या मनात आली असतील.

पण लिहिलं कुणी? वराहदेवानं. वराहदेव कुणाचा मुलगा? हस्तिभोजाचा. ज्या कारभाऱ्यानं राज्य चालवलं त्याचा मुलगा, बाप वारल्यानंतर, स्वतः सचिव असताना, स्वखर्चानं कोरवलेल्या लेण्यात म्हणतो की राजा मौजमजेत होता आणि माझ्या बापानं राज्य सांभाळलं. न्यायालयात अशी साक्ष आली तर वकील उठून विचारेल, साक्षीदाराचा पक्षाशी संबंध काय? शन युएची आठवण ठेवा म्हणालो होतो ती यासाठी. अर्थात एक फरक आहे, तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. शन युए उतरवलेल्या घराण्याबद्दल लिहीत होता. वराहदेव मात्र देवसेनाच्याच मुलाच्या, हरिषेणाच्या पदरी होता. राज्यकर्त्याच्या बापाची उघड बदनामी त्यानं केली असती का? तेव्हा हे वाक्य त्या काळी निंदेचं नसावंच. चांगला सचिव मिळाला म्हणून राजा निर्धास्त झाला, हा संस्कृत काव्यात राजाच्या भाग्याचा वर्णनप्रकार आहे. स्तुती म्हणून कोरलेलं वाक्य पंधराशे वर्षांनी आपण तक्रार म्हणून वाचतो आहोत.

देवसेनाच्या बाजूनं दुसरा साक्षीदारही आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातला आहे. वाशीमजवळच हिस्से बोराळा गाव. तिथं मिळालेला शिलालेख वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला आहे. स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्यानं 'सुदर्शन' नावाचा तलाव बांधला, त्याची ही नोंद. आणि त्यावर वर्ष घातलं आहे, शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८. वाकाटकांच्या सगळ्या लेखांत, दोन्ही शाखांच्या, एखाद्या संवताचं वर्ष घातलेला हा एकमेव लेख. बाकी सगळे आपापल्या राज्यवर्षात मोजतात, सदतिसावं, तेरावं. त्यामुळे त्यांना काळाच्या पट्टीवर कुठं बसवायचं हा घोळ होतो. वाकाटकांच्या सगळ्या कालगणनेला घट्ट खुंटी कुठली असेल तर ती हिस्से बोराळ्याची. लेखात सप्तर्षी कोणत्या नक्षत्रात होते याचाही उल्लेख आहे, म्हणजे कोरणाऱ्याला काळाची फिकीर होती.

तलावाचं नाव सुदर्शन का, याचं आम्हाला फार कुतूहल आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला. फुटला तेव्हा इसवी सन १५० च्या सुमारास रुद्रदामन क्षत्रपानं बांधून काढला. पुन्हा फुटला तो स्कंदगुप्ताच्या वेळी, ४५५-५६ मध्ये, आणि लगेच दुरुस्त झाला. म्हणजे तिकडे गिरनारचा सुदर्शन बांधून निघाला आणि वर्षा-दोन वर्षांत इकडे वाशीमजवळ दुसरा सुदर्शन उभा राहिला. स्वामिल्लदेवानं ती बातमी ऐकून नाव ठेवलं की काय, हे सिद्ध करता येत नाही. पण तलावाला नाव देताना मोठ्या नावाची आस धरली हे तर दिसतं. आणि वाशीम जिल्ह्यात राहणाऱ्याला तलावाची किंमत सांगावी लागत नाही. पाऊस पडतो तो चार महिन्यांत पडून जातो. उताराचं रान आहे, पाणी पैनगंगेकडे नाहीतर पूर्णेकडे वाहून जातं. अडवलं तर आपलं.

तर, ज्या राजाच्या राज्यात अधिकारी आपल्या नावानं आणि राजाच्या नावानं तलाव बांधतो, त्याचं वर्ष कोरतो, ज्याचे ताम्रपट बीदरकडेही मिळतात, त्याला नुसता चैनी म्हणून सोडून देता येईल का? आम्ही नाही देणार. तो कर्तबगार होता असंही आम्ही म्हणत नाही, तेवढा पुरावा नाही. त्याच्या राज्यात माणसांना कामं करता येत होती एवढं दिसतं. आणि त्याला लहानपणी पाहायला मिळालेला बाप कसा होता? आठव्या वर्षी गादीवर बसलेला. ज्या बापानं खेळायच्या वयात दरबार पाहिला, त्यानं मुलाला, बाबा रे, विश्वासू माणूस मिळाला तर भार त्याच्यावर टाक, असं सांगितलं असेल तर नवल नाही. ही आमची कल्पना. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इतिहासात एवढी मोकळीक असावी.

हरिषेणावर फार बोलत नाही, त्याच्यावर सगळेच बोलतात. लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी प्रदेशांची लांब यादी आहे. त्याच्या काळात अजिंठ्याची बरीच थोर लेणी कोरली गेली. वॉल्टर स्पिंक यांनी उभं आयुष्य अजिंठ्यात घालवून मत मांडलं की हे काम ४६० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत झालं आणि हरिषेण गेल्यावर, ४७७ च्या सुमारास, कोलमडलं. मिराशी त्याला ५०० च्या जवळ नेतात. स्पिंक यांचं धरलं तर नानजिंगला लिऊ झुन गादीवर बसला त्याच वर्षाच्या आसपास वाशीमचा मोठा राजा गेला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. या राजघराण्याच्या छायेत भिंतींवर चित्रं कसली काढली? सतराव्या लेण्यात विश्वंतर : सगळं दान करणारा, म्हणून राज्यातून घालवलेला राजपुत्र. पहिल्या लेण्यात महाजनक : राज्य सोडून निघालेला राजा. वराहदेवाच्या सोळाव्या लेण्यात नंद : बुद्धाचा सावत्र भाऊ, भिक्षू झालेला, आणि त्याचा मुकुट परत आलेला पाहून कोसळलेली सुंदरी. 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून ते चित्र प्रसिद्ध आहे. राजघराण्यातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या या कथा आहेत, आणि चितारवून घेणारे राजे आणि सचिव. बौद्ध जातकांत राजपुत्र असणारच, हे खरं. पण रोज त्या भिंतीसमोर उभा राहणाऱ्या वाकाटक राजपुत्राला काय वाटत असेल, हा प्रश्न आम्हाला दर वेळी तिथं पडतो.

हरिषेणानंतर? त्याच्यामागून कुणाचाही लेख नाही. दीडएकशे वर्षांनी ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. त्यानं पुलकेशीबद्दल लिहिलं, डोंगरातल्या भव्य विहाराबद्दल लिहिलं. ते वर्णन अजिंठ्याचं मानतात. वत्सगुल्मच्या राजांबद्दल अक्षर नाही. चीनचा नोंदी ठेवणारा माणूस दारापर्यंत आला आणि तोवर घरात कुणी उरलं नव्हतं.

पण एक कथा उरली. दंडीच्या दशकुमारचरितातला आठवा उच्छ्वास, विश्रुताची कथा. दंडी सातव्या-आठव्या शतकातला, कांचीकडचा. पण त्याचे पूर्वज अचलपूरचे होते असं त्याच्याच नावावरच्या अवंतिसुंदरीकथेत येतं. कथेत विदर्भाचा पुण्यवर्मा नावाचा थोर राजा आहे. त्याचा मुलगा अनंतवर्मा हुशार, कलांत रमणारा, पण दंडनीतीचा कंटाळा असलेला. म्हातारा मंत्री समजावतो. विहारभद्र नावाचा एक मस्कऱ्या दरबारी राजनीतीची यथेच्छ टिंगल करून राजाला उलट दिशेला नेतो. शेजारचा अश्मक राजा आपला माणूस पेरून त्याला आणखी बिघडवतो, मग मांडलिक फिरतात, लढाई होते, अनंतवर्मा मारला जातो. मिराशी आणि इतर अभ्यासकांनी म्हटलं आहे की ही वत्सगुल्मच्या शेवटाची आठवण असावी, पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण. आम्हाला ते पटतं, पण जपून. कथेतला बिघडलेला राजा पुन्हा त्याच साच्यातला आहे, आणि साचा लेखकाला सोयीचा असतो हे आपण आताच पाहिलं.

या कथेची सुरुवात मात्र साच्यातली नाही. राणी दोन मुलांना घेऊन परमुलखात पळते, आणि तिथंही मुलाच्या जिवावर उठतात म्हणून त्याला एका म्हाताऱ्या सेवकाबरोबर विंध्याच्या अरण्यात धाडते. विश्रुत रानात भटकत असताना त्याला एका विहिरीजवळ एक मुलगा दिसतो. भुकेनं, तहानेनं कासावीस. राजवाड्यात वाढलेला हे दिसत असतं. दंडी त्याचं वय देतो, आणि ते वय आहे आठ वर्षांच्या आसपास.

दंडीनं अजिंठ्याचा लेख वाचला नव्हता, असं आम्ही धरून चालतो. आठ हे मुंजीचं वय, म्हणून सहज आलं असेल. पण या घराण्याबद्दल दगडावर एक मुलगा उरला आणि कथेत एक, आणि दोघंही आठ वर्षांचे. एक गादीवर, एक विहिरीच्या काठी. एकाचं नाव झिजलं, दुसऱ्याचं नाव, भास्करवर्मा, लेखकानं ठेवलेलं. नागसेन भिक्खूनं मिलिंद राजाला सांगितलं होतं की नाव ही व्यवहाराची सोय आहे, नावापलीकडे 'नागसेन' असा कुणी शोधू नकोस. आम्ही हे वर्गात शिकवत आलो. या दोन मुलांपाशी आलं की ते शिकवणं आम्हाला जरा कठोर वाटतं.

कथा पुढे सुखान्त होते, विश्रुत मुलाला राज्य मिळवून देतो. ते तुम्ही वाचा. आम्हाला आठवतं ते पहिलं बोलणं. मुलगा विश्रुताला राज्य मागत नाही, आपण कोण तेही आधी सांगत नाही. तो रडत रडत सांगतो की मला तहान लागली म्हणून माझ्यासाठी पाणी काढायला गेलेला म्हातारा या विहिरीत पडला, त्याला वर काढा. विश्रुत वेलीच्या आधारानं म्हाताऱ्याला वर घेतो, वेळूच्या नळीनं पाणी काढून मुलाला पाजतो आणि उंच झाडावरची फळं दगडांनी पाडून दोघांना खायला देतो. मग झाडाखाली बसल्यावर म्हाताऱ्याला विचारतो, हा मुलगा कुणाचा?

आता तुमचे प्रश्न घेऊ. हिस्से बोराळ्याकडचं कुणी आलं असेल तर आधी त्यांनी बोलावं.